त्या रिकाम्या जागी मुलीचे नाव लिहा

'माझे वय एकाहत्तर आहे. यजमान गेल्या वर्षी गेले. शेवटचे सोळा दिवस ते व्हेंटिलेटरवर होते. माझे तसे होऊ नये म्हणून मी लिव्हिंग विलचा, म्हणजे बरे होण्याची आशा नसेल तर मला यंत्रांवर जगवत ठेवू नये असे आधीच लिहून ठेवण्याच्या इच्छापत्राचा, मसुदा करून घेतला आहे, पण माझ्या वतीने संमती कोणी द्यायची ती जागा रिकामी आहे. मुलगा पुण्याला असतो. कागद पाहताच तो म्हणाला, "आई, असले अभद्र काही माझ्याकडून करून घेऊ नकोस." वडिलांच्या वेळीही तो "सगळे करा" एवढेच म्हणत राहिला. सांगलीची मुलगी तेव्हा आली होती, तिने डॉक्टरांशी बोलून यांच्या हातांच्या पट्ट्या सोडवून घेतल्या. पण ती दिल्या घरची, तिला यात कशाला ओढायचे? मुलाचे मन कसे वळवू?'
— एक आई, नाशिक

ताई, मुलाचे मन वळवण्याच्या खटपटीत पडू नका. मुलीविषयी तुम्ही जाता जाता जे लिहून गेलात, त्यातच तुमचे उत्तर आहे. गुंगीतल्या रुग्णाने घशातली नळी ओढून काढू नये म्हणून अतिदक्षता विभागात त्याची मनगटे पलंगाच्या कठड्याला बांधतात. भेटीच्या वेळी घरचे ते पाहतात, कासावीस होतात आणि डॉक्टरांना काय विचारायचे म्हणून मुकाट बाहेर येऊन बसतात. तुमच्या मुलीने विचारले, आणि नुसते विचारून ती थांबली नाही.

त्या रिकाम्या जागी ज्याचे नाव येईल, त्याला नेमके हेच करावे लागणार आहे. सर्वोच्च न्यायालयाने 9 मार्च 2018 रोजी अशा इच्छापत्राला मान्यता दिली आणि जानेवारी 2023 मध्ये त्याची प्रक्रिया पुष्कळ सोपी केली. पूर्वी न्यायदंडाधिकाऱ्यांची सही लागत असे, आता दोन साक्षीदारांसमोर सही करून नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून ती प्रमाणित करून घेतली की पुरते. तुम्हाला निर्णय घेता येईनासा झाला, तरी तुमच्या माणसाच्या एका शब्दावर कोणी व्हेंटिलेटर काढत नाही. आधी रुग्णालयाचे वैद्यकीय मंडळ तपासते, मग दुसरे मंडळ तपासते. मुलाला वाटते तसे त्यात कोणी कोणाचा जीव घेत नाही, आणि वेदना कमी करणारे उपचार तर चालूच राहतात. मात्र डॉक्टरांसमोर बसून, 'माझ्या आईला हे नको होते' असे न डगमगता सांगणारे आणि तशी संमती देणारे माणूस लागते. 'सगळे करा' म्हणणाऱ्याला ते जमायचे नाही, आणि तुम्ही रडून, समजावून त्याचा होकार मिळवलात तरी ऐन वेळी तो पुन्हा तेच म्हणेल.

खरे सांगायचे तर मला राग त्याचा नाही, तुमचा आला. पट्ट्या सोडवायला लेक चालते, आणि कागदावर नाव घालायची वेळ आली की ती दिल्या घरची होते! न्यायालयाने पालक किंवा जवळचा नातलग एवढेच म्हटले आहे; लेकीचे लग्न झाले म्हणून ती जवळची राहत नाही, हा नियम तुमच्या घरचा आहे. एकाहून अधिक नावे घालता येतात, हे खरे. पण मुलाला बरे वाटावे म्हणून त्याचेही नाव घालू नका, नाहीतर भावाबहिणीचा वाद तुमच्या खाटेपाशीच सुरू होईल.

या रविवारी मुलीला बोलावून घ्या आणि सगळा मसुदा तिला वाचून दाखवा. कोणत्या अवस्थेत तुम्हाला जगवत ठेवू नये, हे तिला तुमच्या तोंडून ऐकू द्या, आणि ही जबाबदारी घेशील का, असे सरळ विचारा. ती हो म्हणाली की त्याच आठवड्यात सही करा. साक्षीदार शेजारपाजारचे घ्या, घरचे नकोत. एक प्रत मुलीकडे, एक तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे आणि एक महापालिकेने यासाठी नेमलेल्या अधिकाऱ्याकडे द्या. बँकेच्या लॉकरमध्ये ठेवलेला कागद रात्री दोन वाजता कोणाच्याही उपयोगाचा नसतो. मुलालाही प्रत अवश्य पाठवा, पण सही झाल्यानंतर.