पीसीच्या वॉटर कूलिंगच्या लूपमधली (पाणी गोल फिरतं त्या बंद मार्गातली) हवा निघत नाहीये, तीन दिवस झाले खळखळ आवाज येतोय, पंप खराब निघाला का?

तुम्ही लिहिलंय की ३६० मिमीचा रेडिएटर (पाणी गार करणारी जाळी) कॅबिनेटच्या वरच्या बाजूला आहे, डी५ (पंपाचं मॉडेल) पंप आणि रिझर्व्हायर (पाण्याची टाकी) एकत्रच खाली, तीन दिवसांपूर्वी कूलंट (लूपमधलं थंड करणारं पाणी) भरलं आणि अजून आत खळखळ चालूये, सीपीयू नुसत्या ब्राउझरला ६५ डिग्री दाखवतोय. पंप परत पाठवू का असं विचारताय तर अजिबात पाठवू नका, आधी हवा काढा. या लक्षणांवरून पंपाचा दोष वाटत नाही, लूपने एअर धरलाय.

गावाकडं ट्रॅक्टरमधलं डिझेल संपलं की तो एअर धरतो, मग नुसतं डिझेल ओतून चालू होत नाही, फिल्टरवरचा बोल्ट ढिला करायचा, हातपंप मारत राहायचं, आधी फेस येतो, मग फुसफुस करत बुडबुडे, आणि सलग धार लागली की बोल्ट आवळायचा. काका हे करायचे तेव्हा टॉर्च धरायला मी असायचो म्हणून मला लूपचं गणित लगेच कळलं. फरक एवढाच की इथे फिटिंग (ट्यूबचा जोड) ढिलं करायचं नाही, हवेला रिझर्व्हायरपर्यंत यायला वाट करून द्यायची. हवा वर चढणार, आणि तुमच्या लूपमधली सगळ्यात उंच जागा रेडिएटर आहे, त्याची पोर्ट (ट्यूब जोडायची भोकं) खाली तोंड करून आहेत, म्हणजे हवा त्याच्या टोकाच्या टाकीत वर जाऊन बसलीय आणि पाणी तिच्या खालून निघून जातंय. ती आपोआप निघायला आठवडे लागतील.

आता सुरुवात. पीसी चालू ठेवून हे करू नका प्लीज. एसएमपीएस (पीसीचा पॉवर सप्लाय) बंद करा, मदरबोर्ड, सीपीयू आणि ग्राफिक्स कार्डच्या पॉवर केबल काढून ठेवा, फक्त पंपाला करंट जाऊ द्या. एसएमपीएस एकटा चालू करायला २४ पिनच्या कनेक्टरमधली हिरवी वायर शेजारच्या काळ्या वायरला जोडावी लागते, यासाठी तयार जंपर प्लग मिळतो, तोच घ्या, कारण हल्ली सगळ्या वायरी काळ्याच असतात आणि पिन मोजण्यात चूक झाली तर महागात पडतं. जंपर लावताना मागचं बटण बंद. प्रत्येक फिटिंगखाली टिश्यू पेपर ठेवा, थेंब जरी पडला तरी डाग दिसतो.

रिझर्व्हायरमध्ये कूलंट किती आहे ते बघा. पाणी परत येतं त्या तोंडाच्या वरपर्यंत पातळी पाहिजे, नाहीतर वरून धार पडते, ती स्वतःच हवा मिसळत राहते आणि तुम्ही रात्रभर बसलात तरी बुडबुडे संपणार नाहीत. पातळी फार खाली गेली तर पाण्यात भोवरा होऊन पंप थेट हवा ओढतो. आणि डी५ कोरडा चालवायचा नाही, त्याच्या बेअरिंगला वंगण त्या पाण्याचंच असतं. खरखर आवाज येतोय पण रिझर्व्हायरमध्ये पाणी हलत नाहीये असं दिसलं तर लगेच बंद करा.

मग झाकण उघडं ठेवून पंप दहा सेकंद फुल स्पीडला, दहा सेकंद बंद, असं दहाबारा वेळा. बंद केल्यावर बारीक बुडबुडे एकमेकांना चिकटून मोठे होतात आणि वर सरकतात. पातळी खाली गेली की तेच कूलंट थोडं थोडं ओतत राहा, नळाचं पाणी नको.

यानंतर खरं काम. झाकण घट्ट लावा, पंप बंद करा, आणि कॅबिनेट हळूच असं कलतं करा की रेडिएटरची पोर्ट असलेली बाजू सगळ्यात वर येईल. पोर्ट पुढच्या पॅनलकडे असतील तर कॅबिनेट मागच्या बाजूवर कलवायचं, मागे असतील तर उलट. पंपाचं तोंड पाण्यातच राहिलं पाहिजे एवढं बघा, म्हणून एकदम आडवं नको, जमेल तितकंच. अर्धा मिनिट तसंच धरा आणि मग कलत्या अवस्थेतच पंप फुल करा, कुणीतरी मदतीला असेल तर बरं. माझ्या वेळेला याच क्षणी ट्यूबमधून लिंबाएवढ्या लांबीचा हवेचा गोळा सरकत खाली आला आणि रिझर्व्हायरमध्ये भळकन फुटला, पातळी बोटभर खाली गेली. दोन रात्री जे झालं नव्हतं ते पाच मिनिटांत झालं. कॅबिनेट आदळू किंवा गदागदा हलवू नका, मोठ्या बुडबुड्याचे शंभर छोटे होतात.

हे चारपाच वेळा झालं की पंप कमी स्पीडला टाका, डायल असेल तर २ वर, आणि झाकण हलकं टेकवून काही तास चालू द्या. बरेच जण इथे चुकतात, फुल स्पीडलाच ठेवतात. फुल स्पीड हवा सुटी करायला चांगली, पण मग ते धुरकट बारीक बुडबुडे रिझर्व्हायरमध्ये वर यायच्या आतच पंप त्यांना परत ओढून घेतो. हळू चालवलं की त्यांना वर यायला वेळ मिळतो.

हवा संपली का हे कसं कळणार, तर झाकण उघडून पंप चालू-बंद करा आणि पातळीकडे बघा. पाणी दाबलं जात नाही, हवा दाबली जाते, त्यामुळे आत हवा असेल तर पंप चालू होताच पातळी खाली जाते आणि बंद केला की वर येते. जवळपास हललीच नाही तर लूप भरलाय. मग केबल जोडा आणि टेम्परेचर बघा. पहिल्या आठवड्यात पातळी थोडी खाली जाईल, टिश्यू कोरडे असतील तर काळजी नको, टॉप अप करा.

कलवूनसुद्धा पातळी नाचत राहिली, किंवा वर साबणासारखा फेस जमून राहिला (रेडिएटर धुतलेला साबण आत उरला असेल तर होतं, मग सगळं काढून डिस्टिल्ड पाण्याने दोनतीनदा फ्लश करावं लागेल), तर खाली फोटो टाका, रेडिएटरची पोर्ट आणि रिझर्व्हायर दोन्ही दिसतील असा. कुठल्या बाजूला कलवायचं ते बघून सांगतो.