घरमालकाला पत्र लिहावं का? लिहा, पण सगळ्या वारसांना

तुम्ही विचारलंय की अमळनेरच्या जुन्या गावात माती-सागवानाचं एक घर आवडलंय, मालक भावंडं पुण्या-सुरतेला असतात, दुसरं गिऱ्हाईक बिल्डर आहे आणि त्याचा आकडा तुमच्यापेक्षा थोडा जास्त आहे. अशा वेळी मालकांना मनापासून पत्र लिहिलं तर फरक पडतो का? दलाल म्हणतोय, काही उपयोग नाही.

माझं म्हणणं, लिहाच. आम्ही पारोळ्याचं घर घेतलं तेव्हा लिहिलं होतं, आणि त्या पत्राशिवाय तो व्यवहार झाला नसता असं मला आजही वाटतं. मात्र पत्राने भाव उतरत नाही. ज्याला पैशाची निकड आहे तो मोठ्या आकड्याकडेच जाणार, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही. दोन आकडे जवळजवळ असतील आणि विकणाऱ्यांचाच जीव घरात अडकला असेल, तेव्हा पत्र कामाला येतं. आपल्या खानदेशात हे फार दिसतं. पोरं शिकून पुण्याला गेली, कोणी सुरतेला कामाला लागलं, घराला कुलूप. तरी आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) आणि श्रावणात कानबाई देवीच्या सणाला कुलूप उघडतंच.

पहिला प्रश्न, पत्र कोणाला लिहायचं. दलाल तुम्हाला थोरल्या भावाचा नंबर देईल. पण घर वडिलोपार्जित असेल तर बहिणींचा हक्क भावांइतकाच असतो. हिंदू वारसा कायद्यात २००५ साली तशी दुरुस्ती झाली, आणि दुरुस्तीच्या वेळी वडील हयात नसले तरी मुलीचा हक्क जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केलं. बहिणींनी नोंदणीकृत हक्कसोडपत्र दिलं नसेल, तर त्यांच्या सहीशिवाय खरेदीखत पक्कं होणार नाही. म्हणून आधी मिळकत पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) काढा, ती सरकारच्या महाभूलेख संकेतस्थळावर मिळते. त्यावर अजून आजोबांचंच नाव असेल तर वारस कोण कोण ते विचारून घ्या आणि पत्राच्या वर सगळ्यांची नावं लिहा. बहिणींची सुद्धा.

आमच्या बाबतीत इथेच गाडं हललं. थोरल्या दादांनी पत्राचा फोटो घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला. सुरतेच्या ताईंना विक्रीबद्दल तोवर कोणी धड विचारलंही नव्हतं आणि त्या सही द्यायला तयार नव्हत्या. त्या पत्रात त्यांचं नाव होतं. शिवाय मी एक ओळ लिहिली होती, की ओसरीच्या मधल्या सरीला झोक्याच्या दोन लोखंडी कड्या आहेत, घासून चकचकीत झालेल्या, म्हणजे या घरात आखाजीला पोरींनी खूप झोके घेतले असणार. ताईंचा त्या संध्याकाळीच फोन आला. "त्या कड्या ऱ्हाऊ देशात ना व माय?" एवढंच आधी विचारलं. मग बराच वेळ बोलल्या, आईबद्दल, घराबद्दल, भावांबद्दल.

तर घराबद्दल लिहाल ते असं, डोळ्यांनी पाहिलेलं लिहा. "आपलं घर फार सुंदर आहे, पाहताक्षणी आवडलं" असं बिल्डरचा माणूसही म्हणतो. परसातला निंब, जाड भिंतींमुळे मे महिन्यातही गार असलेली मधली खोली, असं एखादं पुरे.

मग पैशाचं, आणि ते गुळमुळीत नको. किती देणार, विसार (आगाऊ रक्कम) किती, बाकीची रक्कम किती दिवसांत, कर्ज किती आणि बँकेची तत्त्वतः मंजुरी हातात आहे का. माती-लाकडाच्या जुन्या घरावर कर्ज सहज मिळत नाही, तेव्हा मंजुरी असेल तर ते ठळक लिहा, मालकाला त्याचीच धास्ती असते. सगळी रक्कम बँकेतून देऊ हेही लिहा. स्थावराच्या व्यवहारात २०,००० किंवा त्याहून जास्त रोख घ्यायला आयकर कायद्याची मनाई आहे, त्यामुळे स्वच्छ पैसे देणारं गिऱ्हाईक पेन्शनीतल्या माणसाला बरं वाटतं. तुमची रक्कम थोडी कमी पडतेय म्हणता, तर एक बघा: महाराष्ट्रात राहतं घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत आहे. वाचलेले पैसे किमतीत घालता येतात.

बिल्डर देऊ शकत नाही अशी एक गोष्ट तुमच्याकडे आहे, ती म्हणजे वेळ. त्याला घर पाडून काम सुरू करायचं असतं. तुम्ही लिहू शकता की ताबा श्रावणानंतर दिला तरी चालेल, यंदाची कानबाई इथेच बसवा. नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते, सोमवारी विसर्जन, आणि रोटांच्या प्रसादासाठी भाऊबंद जिथे असतील तिथून येतात. शेवटची एकदा आपल्या घरात बसवायला मिळणं याचं मोल खानदेशी माणसाला वेगळं सांगायला नको. आमच्या मालकांनी तसंच केलं. फक्त ताबा लांबवाल तेव्हा तारीख साठेखतात, म्हणजे खरेदीखताआधीच्या करारात, घाला आणि शेवटचा हप्ता ताब्याच्या दिवशीच द्या.

आता काय लिहायचं नाही. जात, पोटजात, कूळ, "आपण एकाच समाजाचे", यातलं काही नको. दलाल मुद्दाम सुचवेल, ऐकू नका. अमेरिकेत गिऱ्हाइकाने विकणाऱ्याला असं पत्र लिहायची जुनी चाल आहे आणि तिथे याच कारणावरून वाद झाला. घरविक्रीत वंश, धर्म, कुटुंब पाहून भेदभाव करायला तिथे १९६८ च्या कायद्याने बंदी आहे. पण पत्रात "मुलं इथे नाताळचं झाड सजवतील" एवढं लिहिलं तरी धर्म कळतो, आणि मालक नकळत त्यावर निर्णय घेतो. ओरेगॉन राज्याने २०२१ मध्ये कायदाच केला, की एजंटांनी अशी पत्रं मालकापर्यंत पोचवू नयेत. २०२२ मध्ये संघराज्य न्यायालयाने अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या मुद्द्यावर तो रोखला, पण भेदभावाची भीती खोटी नव्हती. आपल्या पत्राने कोणाला जात पाहून घर द्यायची सवय लागत असेल, तर ते घर त्या किमतीला नको, असं मी स्पष्ट म्हणेन. उद्या दुसऱ्या कोणाला त्याच कारणाने दार बंद होतं.

गयावयाही करू नका. आजारपण, भाड्याच्या घरातले हाल, यांनी वाचणारा अवघडतो. तुमची शेवटची मर्यादा किंवा "हेच घर हवं" हेही लिहू नका, मग बोलणीला जागा राहत नाही.

आणि पाळता येणार नाही ते वचन देऊ नका. घर कधीच पाडणार नाही असं लिहून वर्षभरात स्लॅब टाकायचा असेल, तर ते लिहूच नका. कायद्याने असं वाक्य तुम्हाला बांधत नाही हे खरं, पण समोरच्याने त्यावर विश्वास ठेवून सही केलेली असते. निंब ठेवणार असाल तर निंबाचं लिहा, तेवढंच.

साधारण असं होईल:

"आदरणीय दादा, ताई आणि सर्व भावंडांना सप्रेम नमस्कार. रविवारी आपलं घर पाहिलं. परसातला निंब आणि त्याखालचा ओटा पाहून आम्ही बराच वेळ तिथेच बसलो. निंब आम्ही ठेवणार आहोत. स्वयंपाकघर मात्र नव्याने बांधावं लागेल, हे आधीच सांगतो. आमचा प्रस्ताव इतक्या रकमेचा आहे, विसार चेकने लगेच, बाकी कर्जासह तीन महिन्यांत. ताबा आपल्या सोयीने श्रावणानंतर. हा केवळ प्रस्ताव आहे, अंतिम अटी साठेखतात ठरतील. आपण दुसरीकडे व्यवहार केलात तरी मनात काही राहणार नाही."

ती शेवटून दुसरी ओळ विसरू नका. लेखी प्रस्तावाला समोरून लेखी होकार आला की पुढे करार झाला की नाही यावर वाद घालता येतो.

एका पानात बसवा, हाताने लिहा, प्रत्येक वारसाला वेगळी प्रत पाठवा. दलालाला आधी सांगून ठेवा आणि त्याची दलाली बुडणार नाही हेही सांगा, नाहीतर तो बिल्डरकडे झुकेल. होकार आला तर वकिलाकडून मालकीच्या नोंदींचा ३० वर्षांचा शोध घेतल्याशिवाय विसार देऊ नका, आणि साठेखतावर सगळ्या वारसांच्या सह्या घेऊन ते नोंदवा. सही झाल्यापासून चार महिन्यांच्या आत ते नोंदणीला द्यावं लागतं, तेव्हा पुण्या-सुरतेची मंडळी एकाच दिवशी दुय्यम निबंधकाकडे कधी येऊ शकतील ते पहिल्याच फोनवर विचारून घ्या.