जर्मन शिकताना 1930 चा 'दी द्राय फोन डेर टांकश्टेले' बघावा का? सबटायटलशिवाय समजेल का?

बघा. सबटायटलशिवाय निम्मा समजेल, गाणी त्याहून कमी. झालं उत्तर. आता पुढचं माझ्यासाठी लिहितोय, कारण तुम्ही प्रश्नाखाली जी ओळ जोडली आहे ती मला झोंबली. क्लासमधला मित्र म्हणाला म्हणे की 'तो टुकार गाण्यांचा सिनेमा आहे, त्यापेक्षा त्या काळातलं दर्जेदार काहीतरी बघ'. हे वाक्य मी पंचवीसेक वर्षांपूर्वी समोरासमोर ऐकलंय. तेव्हा तोंडातून शब्द फुटला नव्हता.

नावाचा अर्थ बी वनवाल्याला, म्हणजे तुमच्यासारख्या मधल्या पातळीवर जर्मन शिकणाऱ्याला, सांगायला नको. इतरांसाठी सांगतो: पेट्रोल पंपावरचे तिघे. आणि मी पेट्रोल पंपवाल्याचा मुलगा. कराडच्या अलीकडे हायवेला आबांचा पंप होता. शाळेत असताना सुट्टीत मी तिथे हवा भरायचो, पाळी बदलताना मीटरचं रीडिंग लिहायचो, टँकर आला की आबा आधी सील बघायचे आणि मग टाकीत डिप, म्हणजे मापाची पट्टी, टाकायचे. दिसायला पैशांचा धंदा. प्रत्यक्षात सगळा उधारीवर. ट्रकवाले महिन्याच्या बोलीवर डिझेल न्यायचे आणि महिना काही केल्या संपायचा नाही. शेवटी एका पतपेढीचं कर्ज थकलं, कोर्टाचा हुकूमनामा झाला आणि मी नववीत असताना घरी बेलिफ आला.

हा प्रसंग मी फार कुणाला सांगत नाही. दोन पंच, एक कारकून आणि बेलिफ. आबांनी पहिलं काय विचारलं असेल तर "साहेब, चहा घेणार ना?" बेलिफ ओशाळून घेतो म्हणाला. मग चहा पीत पीत यादी: लोखंडी कपाट एक, टेबलफॅन एक, रेडिओ एक. आईच्या शिलाई मशीनपाशी तो थांबला, आईकडे बघितलं, आणि कारकुनाला म्हणाला, "हे सोडा, उपजीविकेचं साधन आहे." जाताना रेडिओ उचलणाऱ्या हमालाला आबा म्हणाले, "जपून, त्याची एरियल ढिली आहे." शेजारी सगळे दारात उभे होते. मला जमिनीत गडप व्हावंसं वाटत होतं आणि आबा हमालाला दाराची कडी धरून देत होते.

आता सिनेमा. तीन मित्र गाडीतून मजेत प्रवास करून घरी येतात तर घराचं दिवाळं वाजलेलं, सामानावर जप्तीची चिठ्ठी. आणि हे तिघे करतात काय? बेलिफाला उद्देशून गाणं म्हणतात. सामान चाललंय आणि हे नाचतायत. उरते फक्त गाडी. तिच्यातलं पेट्रोल भर रस्त्यात संपतं, आसपास पंप नाही. तिथे डोक्यात येतं: गाडी विकायची आणि इथेच पंप टाकायचा. तिघे आळीपाळीने पाळ्या करतात. एक मुलगी आपली गाडी घेऊन पेट्रोल भरायला येते आणि प्रत्येकाला वाटतं ती आपल्यासाठीच येते. इतकीच गोष्ट.

1998 च्या सुमारास जर्मनीहून परतलेल्या एका मित्राने मला याची व्हिडिओ कॅसेट दिली. तेव्हा मी पुण्यात मशिनरीच्या मॅन्युअलांचे जर्मनमधून अनुवाद करत होतो. आमचं एक चित्रपट मंडळ होतं, वीसेक माणसं, भाड्याचा टीव्ही, लोखंडी खुर्च्या. मंडळाचे एक सर होते, फार वाचलेले, त्यांचा शब्द शेवटचा. मी हट्टाने हा सिनेमा ठेवला. सबटायटल नव्हते, म्हणून टीव्हीशेजारी रिमोट घेऊन उभा राहिलो आणि मराठीत सांगत गेलो. आबा त्या आठवड्यात माझ्याकडे राहायला आले होते. त्यांना घरी एकटं कुठे ठेवायचं म्हणून घेऊन गेलो. शेवटच्या रांगेत टोपी मांडीवर ठेवून बसले होते.

माझी पहिली चूक 'कुकूक' शब्दाशी झाली. तिघे आपल्या पंपाला हेच नाव देतात. मी धडाधड सांगून टाकलं, "पंपाचं नाव कोकीळ." लोक शांत. पंपाला कोकीळ कशाला म्हणतील? खरी गंमत अशी की जर्मनीत जप्तीच्या चिठ्ठीवर सरकारी गरुड असायचा आणि लोक त्या गरुडाला चेष्टेने कोकीळ म्हणायचे. 'सामानाला कोकीळ चिकटला' म्हणजे जप्ती आली. शिवाय 'त्सुम कुकूक' ही हलकी शिवीही आहे, आपल्या 'खड्ड्यात जा'च्या जातीची. म्हणजे ज्या चिठ्ठीने घर धुऊन नेलं तीच पाटी करून पंपावर लावली. हे मला घरी आल्यावर शब्दकोश उघडल्यावर नीट कळलं. तुम्ही हे आधीच वाचून बसा, निम्मा विनोद इथेच आहे.

दुसरी गोष्ट बेलिफाच्या गाण्यात झाली. सगळी खोली चित्रपट मंडळासारखी गंभीर, आणि मागून एकच माणूस हसतोय. आबा. असे हसत होते की खोकला लागला. सरांनी वळून बघितलं.

संपल्यावर चर्चा. सर म्हणाले, हा निव्वळ पलायनवाद. लाखो लोक बेकार असताना दिवाळखोरीवर गाणी रचणं म्हणजे जखमेवर अत्तर. जर्मन सिनेमा म्हणजे सावल्या, तिरके जिने, भय. गाणी घुसडण्याचा आपला रोग त्यांना कुठून लागला कोण जाणे. आणि मग हसत, "पंपवाल्यांची करमणूक म्हणून ठीक आहे." मागे कोण बसलंय हे त्यांना माहीत नव्हतं. मला माहीत होतं. मी काही बोललो नाही.

स्कूटरवर मागे बसल्या बसल्या आबांचे प्रश्न सुरू. "परवाना कुणी दिला त्यांना?" सिनेमात दाखवत नाहीत, आबा. "तिघं तीन पाळ्या करत्यात, मग पाळी बदलताना रीडिंग कोण लिवतं? आठ दिवसांत भांडणं हुतील." खरं आहे, आबा. "आन् त्यो कोकीळ काय?" घरी पोचून शब्दकोश काढला, त्यांना सगळं सांगितलं. ते जरा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "म्हंजे जप्तीचंच नाव दिलं पंपाला? मग बरोबर हाय."

आमच्या घरी त्या बेलिफाच्या दिवसाबद्दल त्याआधी कुणी चकार शब्द काढला नव्हता. त्या रात्री आबांनी स्वतःहून एरियलचा विषय काढला.

तर आता सरांना जे तेव्हा सांगायचं राहिलं ते तुमच्या निमित्ताने सांगतो. गाण्यांचा 'आपला रोग' वगैरे काही नाही. हा सिनेमा बर्लिनच्या ग्लोरिया-पालास्टमध्ये 15 सप्टेंबर 1930 ला लागला. आपला 'आलम आरा' 14 मार्च 1931 चा. म्हणजे आपल्याकडे पडद्यावर पहिलं गाणं ऐकू यायला सहा महिने बाकी होते तेव्हा जर्मन लोक पंपावर उभे राहून गात होते. त्यांच्याकडे ऑपेरेटा होता, आपल्याकडे संगीत नाटक. आवाज आला तसा दोघांनीही घरातलाच माल बाहेर काढला. दुसरं साम्य बघा. तेव्हा डबिंग जमत नव्हतं, म्हणून ऊफा या जर्मन सिनेमा कंपनीने हाच सिनेमा फ्रेंचमध्ये वेगळा केला. नायिका तीच लिलियन हार्वी, नायक मात्र विली फ्रिचऐवजी आंरी गारा. दोन वर्षांनी कोल्हापुरात प्रभातने 'अयोध्येचा राजा' मराठी आणि हिंदी असा दोनदा केला तेव्हा तेही हेच करत होते. अडचण एक, तोडगा एक.

आणि पलायनवाद. सिनेमा लागला त्याच्या आदल्या दिवशी, 14 सप्टेंबरला, जर्मनीत निवडणूक झाली होती. नाझी पक्ष 12 जागांवरून 107 वर गेला. बेकार तीस लाखांच्या घरात. त्या लोकांनी हा सिनेमा डोक्यावर घेतला, त्या मोसमात 'डेर ब्लाउअ एंगेल' या गाजलेल्या सिनेमाहूनही जास्त चालला. ज्याच्या दारात बेलिफ येऊन गेलाय त्याला तीन माणसं बेलिफापुढे नाचताना बघून काय वाटतं, हे ज्याच्या दारात बेलिफ आलाच नाही त्याने ठरवू नये. इतकंच माझं म्हणणं आहे.

नाझी सत्तेवर आल्यावर खरं पलायन कुणाला करावं लागलं तेही ऐका. दिग्दर्शक विल्हेल्म थीले अमेरिकेत गेला, तिथे टारझनचे सिनेमे करत बसला. निर्माता एरिक पोमर देश सोडून गेला. संगीतकार वेर्नर रिचर्ड हायमान गेला. गीतकार रोबर्ट गिल्बर्ट गेला. तिघांपैकी एक, ऑस्कार कार्लवाइस, गेला. बेलिफ झालेला फेलिक्स ब्रेसार्ट गेला, आणि पुढे 1942 मध्ये दिग्दर्शक लुबिचच्या 'टु बी ऑर नॉट टु बी'त तो पडद्यावर आणि हायमान संगीताला, असे दोघे पुन्हा एकत्र आले. सिनेमात दिवाळ्याची बातमी देणारा वकील आहे ना, जाडजूड, गोल चेहऱ्याचा? तो कुर्ट गेरॉन. तो हॉलंडपर्यंत पोचला, पण सुटला नाही. 1944 मध्ये आउशविट्समध्ये त्याला मारलं. यात थोडा वेळ दिसणाऱ्या कॉमेडियन हार्मोनिस्ट्स या गायकांच्या सहांपैकी तिघे ज्यू होते, तो संच 1935 मध्ये फोडला गेला. आणि 1937 मध्ये सिनेमावरच बंदी. तिघांपैकी उरलेले दोघे, फ्रिच आणि हाइन्त्स र्‍यूमान, तिथेच राहिले, काम करत राहिले.

मी हे सगळं पाठ केलंय ते चित्रपट मंडळाची पुढची सभा होईल या आशेने. मंडळ पुढल्या वर्षी बंद पडलं.

आता तुमचं जर्मन. संवाद वेगात आहेत, त्या काळचं ध्वनिमुद्रण जरा डब्यातल्यासारखं, आणि र्‍यूमान शब्द खातो. पण बेलिफाच्या गाण्याची सुरुवात कान देऊन ऐका: 'लीबर गूटर हेर गेरिख्ट्सफोल्त्सीअर'. आर्टिकल नाही, म्हणून दोन्ही विशेषणांना '-एर'. क्लासमध्ये हा तक्ता तीन आठवडे घोकूनही विसरतो, या चालीवर एकदा बसला की जात नाही. बेलिफाला जर्मनमध्ये काय म्हणतात तेही फुकटात शिकाल. तसंच 'लीबलिंग, माइन हेर्त्स लेस्ट दिख ग्रूसेन'. 'लासेन' म्हणजे करू देणं किंवा करवणं, त्याचा हा वापर पुस्तकात रुक्ष वाटतो. मराठीत बघा: 'माझ्या मनाने तुला नमस्कार सांगितलाय', कुणाच्या तरी हाती निरोप धाडल्यासारखा. मन वेगळं, मी वेगळा. मित्रावरचं 'आइन फ्रॉइंट, आइन गूटर फ्रॉइंट' तर तुम्हाला जर्मनीत कुठल्याही म्हाताऱ्यापुढे गुणगुणता येईल, तो पुढची ओळ पुरी करेल. परीक्षेला मात्र याचा काडीचा उपयोग नाही. लेखी परीक्षेत कोकीळ येत नाही.

काही गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. पंप सोडून कथा ऑफिसात गेली की सिनेमा ढेपाळतो. शेवटी सगळं श्रीमंतांच्या पैशानेच मार्गी लागतं, तेव्हा सर अगदीच चूक नव्हते, हे लिहिताना हात जड होतोय. मुलगी तिघांना खेळवते आणि तिला स्वतःला काय हवंय हे कुणी धड विचारत नाही, तो 1930 चा चष्मा लावूनच बघावा लागेल. शेवट मात्र चुकवू नका: सगळं मिटल्यावर नायक-नायिका दोघे पडद्यापुढे येतात, प्रेक्षकांकडे बघतात आणि त्यांना प्रश्न पडतो, ही माणसं अजून बसलीत का? मग लक्षात येतं की ऑपेरेटासारखा भव्य शेवट राहिलाय, तो झाल्याशिवाय कोण उठणार. नाटक बघून वाढलेल्या आपल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. आबा तर तोवर टोपी घालून उठले होते, ते परत बसले.

याच नावाचा 1955 चा रंगीत सिनेमाही सापडेल. आधी तो बघू नका. म्हणजे बघा, पण नंतर. त्यात विली फ्रिच मुलीचा बाप झालाय.