वाफसा आला का, आधी ते विचारा

मोटरसायकलवरून तंबू घेऊन करायच्या पावसाळी मुक्कामावर प्रश्न पाठवा असं म्हटल्यावर पुण्या-कोल्हापूरकडची माणसं धबधबे आणि धुकं विचारतात. आपल्या सोलापूरकरांनी चिखल, पूर आणि चादर विचारली. बरं वाटलं. जून-जुलैत आपल्याकडं आभाळाकडं बघून मान अवघडते आणि सप्टेंबरात एका रात्रीत ओढे भरतात. त्यामुळं बाकीच्या महाराष्ट्राचे सल्ले आपल्याला अर्धेच लागू पडतात.

आम्ही पाच मित्र, चार गाड्या. सप्टेंबरातल्या एका शनिवारी हत्तरसंग कुडलला भीमा-सीनेच्या संगमावर तंबू ठोकायचा विचार आहे. पाऊस नसेल तर चालेल ना? (जुळे सोलापूरचे एक वाचक)

नाही चालणार. आणि ‘पाऊस नसेल तर’ हेच यातलं सगळ्यात फसवं वाक्य आहे. संगमावर येणारं पाणी संगमावरच्या पावसाचं नसतं. भीमेला उजनीचं पाणी येतं आणि उजनी भरते ती पुणे जिल्ह्यातल्या घाटमाथ्यावरच्या पावसानं. सीना येते थेट अहिल्यानगरकडून, वाटेत धाराशिवकडचं पाणी गोळा करत. तुमच्या डोक्यावर चांदणं असेल आणि पायाशी नदी चढत असेल, असं होऊ शकतं.

उजनीतून विसर्ग सुटला की बातमीत क्युसेकचा आकडा येतो आणि आपण तो क्रिकेटच्या स्कोअरसारखा वाचून सोडून देतो. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला साधारण २८ लिटर. म्हणजे लाख क्युसेक हे सेकंदाला २८ लाख लिटर झाले. सप्टेंबर २०२५ मध्ये सीनेनं काय केलं ते तुम्हाला सांगायला नको. लांबोटीजवळ पुणे महामार्गावरची वाहतूक थांबवावी लागली होती. जिथं महामार्ग थांबतो तिथं तुमच्या तंबूच्या खुंट्यांचं काय?

कुडलला जा, जरूर जा, पण दिवसा. शके ९४० चा मराठी शिलालेख आणि ३५९ मुखांचं शिवलिंग बघायला बॅटरी नाही, उजेडच लागतो.

मुक्कामासाठी माझं ऐकाल तर दिशा बदला. शनिवारी सकाळी हैदराबाद रस्त्यानं नळदुर्ग. बोरी नदीला पाणी असेल तर पाणी महालावरून नर-मादी धबधबे पडताना दिसतील, नसेल तर किल्ला तरी आहेच. किल्ल्यात राहता येत नाही, तो विषय डोक्यातून काढा. रात्रीसाठी नळदुर्ग-तुळजापूर पट्ट्यात ओळखीच्या कुणाचं तरी रान शोधा, बालाघाटाच्या कडेला मुरमाड माळ असलेलं, आणि हाकेच्या अंतरावर पत्र्याचं शेड किंवा वस्ती असलेलं. रविवारी तुळजापूर करून घरी. सगळं मिळून सव्वाशे-दीडशे किलोमीटर. पहिल्या पावसाळी मुक्कामाला यापेक्षा लांब जाऊ नये.

आणि नान्नजचा माळ कितीही मोकळा दिसला तरी तो माळढोकासाठी राखलेला आहे. तिथं मुक्काम नाही.

मागच्या वर्षी मोहोळजवळ पाणंदीत गाडी अशी रुतली की ट्रॅक्टर बोलवावा लागला. टायर नवे होते. ऑफरोड टायर घेऊ का? (मोहोळ तालुक्यातले शिक्षक)

सर, टायरचा दोष नाही. तुम्ही काळ्या मातीशी भांडायला गेलात.

ही माती पाणी पिऊन फुगते आणि चिकटते. वाळूत किंवा मुरमात चाक घसरतं, इथं माती चाकालाच गुंडाळली जाते. दहा फेऱ्यांत टायरची नक्षी भरते आणि नवा टायर गुळगुळीत होतो. आणखी वीस फेऱ्यांत मडगार्ड आणि टायर यांच्यामधली फट भरते, मग चाक फिरायचंच थांबतं. पुढचं चाक थांबलं की माणूस हँडलवरून पुढं. मागचं थांबलं की आपण रेस वाढवतो, आणि मग येतो तो क्लचप्लेट जळाल्याचा वास. तो वास माझ्या गॅरेजात दर सप्टेंबरला येतो. ऑफरोड टायरच्या खाचा मोठ्या असतात, त्यामुळं भरायला थोडा वेळ जास्त लागतो, एवढाच फरक.

शेतकऱ्याला विचारा, तो एका शब्दात सांगेल: वाफसा आलाय का? पेरणीला रान जेवढं सुकलेलं लागतं, तेवढं ते गाडीलाही लागतं. वाफसा नसेल तर बैल रानात घालत नाहीत, मग तुम्ही दीडशे किलोची गाडी का घालता? डांबरावर किंवा मुरमाच्या रस्त्यावर गाडी लावा आणि सामान खांद्यावर घेऊन दोनशे पावलं चाला. आम्ही तसंच करतो. लाज वाटत नाही.

रुतलीच तर रेस देऊ नका. इंजिन बंद करा, उतरा, बाभळीची जाड काटकी घ्या आणि मडगार्डखालची माती उकरा. चेनमधली आधी. मग आलात त्याच चाकोरीनं मागं फिरा. पुढं ‘थोडंच राहिलंय’ असं जो मित्र म्हणतो त्याला ढकलायला लावा. ऊन पडलं असेल तर तासभर थांबणं सगळ्यात स्वस्त, माती सुकली की खपल्या पडतात.

एक जुगाड: शहाबादी फरशीचा तळहाताएवढा तुकडा जवळ ठेवा. साइड स्टँडखाली टाकला की गाडी रात्रीतून कलंडत नाही. आमच्याकडं एकदा एक गाडी पडली आणि तिनं शेजारच्या दोन पाडल्या. पहाटे तीनला.

तीन हजार मिलिमीटरचा वॉटरप्रूफ तंबू घेतला, तरी सकाळी आतून ओला. दुकानदारानं फसवलं का? (अक्कलकोट रोडवरून)

बहुतेक नाही. तीन हजार म्हणजे कापडावर तीन मीटर उंचीचा पाण्याचा स्तंभ उभा केला तरी ते पाझरत नाही. आपल्या पावसाला ते भरपूर झालं. आत दिसलं ते पाणी तुमचंच आहे. दोन माणसं रात्रभर श्वास घेतात त्यातून पाव-अर्धा लिटर वाफ सहज निघते, आणि वर ओले सॉक्स तंबूत वाळत घातलेले असतात. ती वाफ थंड कापडाला लागून थेंब होते. पावसाच्या भीतीनं सगळ्या चेन बंद करून झोपलात ना? वरच्या खिडक्या उघड्या ठेवा, बाहेरचं कापड ताणून बांधा, म्हणजे ते आतल्या कापडाला टेकणार नाही. ओल्या वस्तू बाहेरच्या कापडाखाली, आत नाही.

पाणी जमिनीकडून आलं असेल तर मात्र चूक वेगळी आहे. खाली अंथरलेलं प्लास्टिक तंबूपेक्षा मोठं असलं की बाहेर आलेल्या कडेवर पडलेला पाऊस सरळ तुमच्या पाठीखाली येतो. चारी बाजूंनी चार बोटं आत दुमडा.

सोलापुरी चादर न्यावी का? मित्र हसतात. (अशोक चौक)

चादरीवर मी वाईट बोललो तर अशोक चौकातून मला जाता येणार नाही! पण ती सुती आहे. भिजली की दुप्पट जड होते आणि दिवसभर वाळत नाही. खताच्या पोत्याच्या आत असते तसली जाड प्लास्टिक पिशवी मिळते, कोरी, न वापरलेली. तिच्यात चादर घालून तोंड पिळून रबर लावा. तंबूत शिरेपर्यंत ती पिशवी उघडायची नाही. कोरडी राहिली तर त्या रात्री हसणारेच मागतील. अंगातले कपडे मात्र सुती नकोत, जीन तर नकोच. क्रिकेटचा टी-शर्ट आणि ट्रॅकपँट बरी.

माझा मुलगा एकवीस वर्षांचा आहे. मित्रांबरोबर जातो म्हणतो. गाडी तो नीट चालवतो, मला भीती रात्रीची वाटते. खरं काय सांभाळायला हवं? (विजापूर रोडवरच्या एक वाचक)

ताई, तुमची भीती योग्य जागी आहे. रात्रीच्या दोनच गोष्टी मी गंभीर मानतो, वीज आणि साप. बिबट्याच्या गोष्टी मुलं सांगतील, त्या सोडून द्या.

आपल्याकडं परतीचा पाऊस विजा घेऊन येतो, बहुतेक दुपारनंतर. चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजायचे. तीन सेकंदांना साधारण एक किलोमीटर. तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर माळ सोडायचा आणि पक्क्या घरात किंवा चारचाकीत जाऊन बसायचं. तंबू विजेपासून वाचवत नाही, मोटरसायकलही नाही, आणि माळावरचं एकटं लिंबाचं झाड तर अजिबात नाही. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास आतच. म्हणून वर म्हटलं, जवळ वस्ती हवी. मोबाइलवर ‘दामिनी’ हे सरकारी ॲप आहे, पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेनं केलेलं. ते आजूबाजूला पडणाऱ्या विजा दाखवतं. मुलाला ते तुमच्यासमोर घ्यायला लावा.

सापाचं नाव काढून कुणी घाबरवलं असेल तर नागाचं सांगितलं असेल. मला काळजी मण्यारीची वाटते. ती रात्री फिरते, जमिनीवर झोपलेल्या माणसाच्या अंथरुणात शिरते, आणि तिचा दंश इतका बारीक असतो की कित्येकदा जागही येत नाही. पहाटे पोटात दुखतं, पापण्या जड होतात, गिळायला त्रास होतो. पोरं म्हणतात रात्रीचं मटण बाधलं. मुलाला एवढंच सांगा: पावसाळ्यात उघड्यावर किंवा शेडच्या जमिनीवर झोपायचं नाही. दाराची चेन पूर्ण लावलेल्या तंबूत झोपायचं, रात्री उठलं तर बॅटरी आणि बूट, आणि बूट आधी झटकायचे. पहाटे कुणाच्या पापण्या मिटायला लागल्या तर खूण शोधत बसू नये. १०८ ला फोन आणि थेट जवळचं ग्रामीण रुग्णालय नाहीतर सोलापूरचं सिव्हिल. करकचून दोरी बांधणं नाही, ब्लेड नाही, मांत्रिक तर नाहीच. प्रतिसर्पविष हे एकच औषध आहे.

जाताना त्यानं रानाच्या मालकाचा नंबर तुमच्याकडं ठेवावा. त्याचा स्वतःचा फोन रात्री नऊनंतर लागणार नाही, हे आधीच मान्य करून टाका.

पावसात माझी गाडी मध्येच बंद पडते. आणि ब्रेक लागत नाहीत असं वाटतं. (कुर्डुवाडी)

ब्रेक लागतात, पण उशिरा. डिस्कवर पाण्याचा थर असतो, तो पुसला जाईपर्यंतचा क्षण जातो. पाण्यातून बाहेर आल्यावर चालत्या गाडीत ब्रेक हलका दाबून ठेवा, कोरडा होतो. ड्रम असेल तर जास्त वेळ लागतो. पुढच्या गाडीपासूनचं अंतर दुप्पट करा, पांढऱ्या पट्ट्यांवर ब्रेक मारू नका, आणि सरी सुरू झाल्यावरची पहिली पंधरा-वीस मिनिटं चहा प्या. रस्त्यावरचं तेल आणि धूळ तेव्हाच वर येते. टायरची हवा पावसासाठी कमी करू नका. मागं सामान असेल तर डबलसीटची हवा भरा.

बंद पडण्याचं बहुतेक वेळा कारण प्लगची टोपी. रबर कडक होऊन फाटलेलं असतं. नवी टोपी स्वस्त असते, बदलून टाका. पण गाडी पाण्यात बुडून बंद पडली असेल तर स्टार्टर मारूच नका. एअर फिल्टरमधून पाणी सिलिंडरात गेलं असेल तर पिस्टन त्याला दाबू शकत नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. मग खर्च मुक्कामाच्या दसपट. पुलावरून पाणी जात असेल तर गाडी घालायचीच नाही. खाली पूल आहे की नाही, हे वरून कळत नाही.

खायला काय न्यावं? (सात रस्ता)

शेंगाचटणी. कडक भाकरी न्या, पण घट्ट झाकणाच्या डब्यात, नाहीतर दमट हवेत ती सकाळपर्यंत वातड होते. चहाचा स्टोव्ह तंबूच्या बाहेर, कितीही पाऊस असला तरी. बंद तंबूत त्याचा वायू वास न येता माणसाला झोपेतच संपवतो.

ग्रुपमधला एक जण प्यायल्याशिवाय मजा नाही म्हणतो. (नाव-गाव कळवलेलं नाही)

त्याची किल्ली संध्याकाळीच घ्या. पुढच्या वेळी त्याला बोलावू नका.

परत आल्यावर काय करायचं? मागच्या वेळी तंबूला वास सुटला. (होटगी रोड)

रविवारी रात्री तुम्ही तो ओलाच गुंडाळून माळ्यावर टाकलात, त्याचा वास तो. घरी पोचल्यावर आंघोळीआधी तंबू गच्चीत दोरीवर टाका, सावलीत, पूर्ण दोन दिवस. खुंट्या वेगळ्या धुवा. चेन रॉकेलनं पुसा, पेट्रोलनं नाही, त्यानं ओ-रिंगचं रबर जातं. कोरडी झाली की ल्यूब मारा. मडगार्डखालची माती त्याच दिवशी पाण्यानं काढा. मंगळवारपर्यंत थांबलात तर ती छिन्नीनं काढायला माझ्याकडं यावं लागेल, आणि मी त्याचे पैसे घेतो.