साधी सायकल येते, मग रिकम्बंटवर तोल का जातो?
वर्षानुवर्षं साधी सायकल चालवूनही रिकम्बंटवर, म्हणजे मागे रेलून, पाय पुढे करून चालवायच्या सायकलवर, दहा फूट जाता येत नाही, असं का, हा तुमचा प्रश्न. साध्या सायकलवर तोल सावरायला आपण नकळत कंबर, अंग हलवतो. इथे पाठ सीटला टेकलेली, त्यामुळे तोल जवळजवळ सगळा हँडलच्या बारीक हालचालींवर.

खरी मेख सुरुवातीत आहे. हलका गिअर लावा, एक पाय जमिनीवर, दुसरा वर आणलेल्या पॅडलवर. पाठ पूर्ण टेकवा, खांदे सैल सोडा आणि पॅडल न कचरता जोरात ढकला. वेग आला की मग दुसरा पाय उचला. नजर लांब ठेवा. हँडल आवळून धरलं की सायकल नागमोडी जाणारच!

मी बडोद्यात सोसायटीच्या आतल्या रस्त्यावर पहाटे शिकलो, तिसऱ्या दिवशी वळणं जमली. दांडिया बाजारात न्यायची घाई मात्र नको. सीट खाली असल्याने रिक्षावाल्यांना आपण पटकन दिसत नाही. मागे उंच झेंडा लावाच.

ही सायकल संथ असते हे खरं नाही. १९३३ साली फ्रेंच सायकलपटू फ्रान्सिस फोर यांनी अशाच सायकलवर तासाभरात ४५ किलोमीटर कापले होते. चढावर मात्र पॅडलवर उभं राहता येत नाही, म्हणून फ्लायओव्हर सुरू होण्याआधीच गिअर उतरवा.