थोर गायक नेमके कोणाला म्हणावे?

आपला प्रश्न असा आहे की, सवाई गंधर्व भीमसेन महोत्सवातून परतताना आपल्या मित्रमंडळींत दरवर्षी एकच वाद रंगतो: एकाच्या मते ज्याची तयारी, म्हणजे रियाजाने कमावलेली गळ्याची सफाई, सर्वांत अधिक तो थोर, दुसऱ्याच्या मते ज्याने संगीतात नवे काही आणले तो थोर, आणि तिसऱ्याच्या मते हजारो श्रोते ज्याच्यासाठी थंडीत ताटकळत बसतात त्याच्या थोरवीला वेगळा पुरावा लागत नाही. यांपैकी कोणाचे म्हणणे मानावे, आणि आज गाणाऱ्यांपैकी कोणी त्या पायरीला पोहोचला आहे हे आत्ताच ओळखता येईल का, असे आपण विचारले आहे. मी पुण्यात मुलांना शास्त्रीय गायन शिकवते आणि हा प्रश्न मला वर्गातही विचारला जातो, म्हणून थोडे विस्ताराने लिहिते.

माझी कसोटी एकच आहे. ज्याचे गाणे ऐकल्यानंतर तो राग आपल्या कानांना पूर्वीसारखा उरत नाही, आणि पुढे तो राग गाणाऱ्यालाही ज्याची दखल घेतल्यावाचून गाता येत नाही, तो कलाकार थोर. तयारी, नावीन्य आणि लोकप्रियता या तिन्ही गोष्टी अशा कलाकाराजवळ असू शकतात, पण त्यांच्यामुळे तो थोर ठरत नाही.

भूपाचे उदाहरण घेते, कारण आपल्याकडे गायनाच्या वर्गात येणारे मूल जे राग सर्वांत आधी शिकते त्यांत भूप असतोच. मध्यम आणि निषाद वर्ज्य, उरलेले पाच स्वर शुद्ध, संध्याकाळची वेळ, गंधार वादी, म्हणजे मुख्य स्वर. एवढे सांगितले की पाठ्यपुस्तकापुरता राग संपतो. हेच पाच स्वर देशकारातही आहेत, परंतु तिथे जोर धैवतावर असतो, राग वरच्या अंगाने फुलतो आणि तो सकाळी गातात. म्हणजे स्वर तेच राहून, कुठे थांबायचे आणि कोणत्या स्वराकडे कसे यायचे यावर सारे अवलंबून. हे विद्यार्थ्याला समजावून सांगता येते, पण ते ऐकू येण्यासाठी गायिका किशोरी आमोणकरांचा भूप लावावा लागतो. त्या गंधाराकडे येतात तेव्हा त्या येण्याला इतका अवकाश दिलेला असतो की गंधार हे केवळ एक ठिकाण न राहता त्याला कडा, खोली आणि वजन असल्याचे जाणवते. ‘सहेला रे’ ही त्यांची बंदिश आज प्रत्येक विद्यार्थिनीला गायची असते आणि बहुतेकींच्या गाण्यात तिचा मुखडा बिनचूक येतो. परंतु त्या मुखड्याच्या मागे एकेका स्वराशी जी बोलणी झालेली आहेत ती नकलेत येत नाहीत. आई आणि गुरू मोगूबाई कुर्डीकरांकडून मिळालेल्या जयपूर घराण्याच्या तालमीत लयीशी घट्ट बांधलेली, एकात एक गुंफलेल्या आवर्तनांची (तालाच्या फेऱ्यांची) गायकी होती. किशोरीताईंनी तिच्यात आलापाला एवढी मोकळी जागा करून दिली की घराण्याच्या अभिमान्यांनी त्याबद्दल नाराजीही व्यक्त केली. मला ती नाराजी समजते, पण पटत नाही. ज्या रागात नवे काही सापडण्याची कोणाला अपेक्षा नव्हती, त्याच रागाकडे त्यांनी आपल्याला नव्याने बघायला लावले.

तयारीला मी कमी लेखत नाही. तासन्‌तास खर्जाचा, म्हणजे खालच्या स्वरांचा, रियाज केल्यावाचून स्वर स्थिरावत नाही आणि ताना दाणेदार होत नाहीत, हे मी रोज पाहते. पण तयारी हीच थोरवी असती तर शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकली नावाचा मुलगा दहा-अकरा वर्षांचा असतानाच थोर ठरला असता. मोठमोठ्या गवयांच्या ध्वनिमुद्रिका ऐकून तो त्यांच्या हरकतींसह, म्हणजे बारीकसारीक स्वरवळणांसह, जशाच्या तशा गात असे, आणि १९३५च्या अलाहाबाद येथील परिषदेत त्याने जाणकारांना थक्क केले होते. त्याला ‘कुमार गंधर्व’ ही पदवी लहानपणीच मिळाली. तरीही आज आपण कुमारजींना मानतो ते त्या चमत्कारासाठी नव्हे. मुंबईत प्रा. बी. आर. देवधरांकडे शिकल्यानंतर, पुढे क्षयाच्या आजारात देवासला अंथरुणावर पडून असताना, गाण्यास मनाई असलेल्या त्या काही वर्षांत त्यांनी माळव्यातील लोकगीते कान देऊन ऐकली आणि रागाचे बीज लोकधुनेत असते हा विचार त्यांच्या मनात पक्का झाला. त्या विचारातून लगनगांधार, मालवती, संजारी यांसारखे धुनउगम, म्हणजे लोकधुनेतून उगवलेले, राग आले. निर्गुणी भजनांचे त्यांचे गाणेही त्याच भूमीतून आले. एक फुप्फुस निकामी झाल्यामुळे त्यांना छोटे छोटे स्वरसमूह घ्यावे लागले आणि त्यातून त्यांची शैली घडली, असे स्पष्टीकरण पुष्कळ जण देतात. मला ते अपुरे वाटते. श्वास कमी पडणारे गायक अनेक असतात; त्यांच्यापैकी बहुतेकांचे गाणे तुटक होते. कुमारजींच्या गाण्यात दोन स्वरसमूहांमधली शांतताही रागाचाच भाग होऊन येते, आणि हे छातीच्या बळावर अवलंबून नसून विचारावर अवलंबून आहे.

शरीराच्या मर्यादेचा विषय निघालाच आहे तर ज्यांच्या नावाने आपला महोत्सव भरतो त्यांच्याबद्दल सांगायला हवे. रामभाऊ कुंदगोळकर, म्हणजे सवाई गंधर्व (१८८६–१९५२), यांचा गळा मुळात सहज वळणारा नव्हता आणि मैफलीतही तो तापायला वेळ लागत असे, असे जाणकारांनी लिहून ठेवले आहे. त्यांचे गुरू अब्दुल करीम खाँ यांचा आवाज बारीक, टोकदार आणि उंच पट्टीत विहरणारा. सवाई गंधर्वांचे शिष्य भीमसेन जोशी यांचा आवाज रुंद, बुलंद आणि तिन्ही सप्तकांत जोराने फिरणारा. शिष्या गंगूबाई हनगल यांचा आवाज घशाच्या शस्त्रक्रियेनंतर खोल आणि भारदस्त झालेला, इतका की ध्वनिमुद्रण प्रथमच ऐकणाऱ्याला तो पुरुषाचा वाटावा. एकाच किराणा घराण्यातले हे चार गळे, एकमेकांशी जराही न जुळणारे. यांना जोडतो तो स्वराचा लगाव, म्हणजे स्वर लावण्याची पद्धत: विलंबित (संथ) लयीत एकेक स्वर घेत केलेली बढत, म्हणजे रागाचा विस्तार, आणि त्या एका स्वरातच ऐकण्याजोगे सर्व काही आहे हा विश्वास. परंतु हा विश्वास प्रत्येकाने आपल्या गळ्यातून पुन्हा नव्याने सिद्ध केला. गंगूबाईंनी बारीक आवाज काढण्याचा अट्टहास केला असता किंवा भीमसेनजींनी खाँसाहेबांचा नाजूकपणा उसना घेतला असता, तर आपल्याला दोन चांगल्या नकला मिळाल्या असत्या.

शुद्ध कल्याण हा त्या घराण्याचा लाडका राग. आरोहात भूपासारखा चालणारा हा राग उतरताना निषाद आणि तीव्र मध्यमाला मींडेतून, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड घसरत जाताना, नुसता स्पर्श करतो, आणि तो स्पर्श किती करायचा यातच गवयाची पारख होते. भीमसेनजींचा शुद्ध कल्याण ज्यांनी मन लावून ऐकला आहे, त्यांना दुसऱ्या कोणाचाही शुद्ध कल्याण ऐकताना त्या मींडेची आठवण होते. गायकाला ती मींड तशीच घ्यायची की मुद्दाम टाळायची, एवढी तरी निवड करावीच लागते. राग पूर्वीसारखा उरत नाही असे मी वर म्हटले त्याचा अर्थ हा.

आता लोकप्रियतेकडे येते. आपल्या पुण्यात एक समजूत फार जुनी आहे की जे सर्वांना आवडते त्यात काहीतरी उणे असणारच. ही समजूत मला अन्यायकारक वाटते. भीमसेनजींनी गुरूंच्या स्मरणार्थ १९५३मध्ये सुरू केलेल्या महोत्सवाला ज्यांना रागाचे नावही ओळखता येत नाही असे हजारो लोक येत आले आहेत आणि भीमसेनजींच्या अभंगवाणीने तर वारकऱ्यांच्या घरापर्यंत ख्यालगायकाचा, म्हणजे रागदारी गाणाऱ्याचा, स्वर नेला. ‘तीर्थ विठ्ठल, क्षेत्र विठ्ठल’ या राम फाटकांनी बांधलेल्या चालीत त्यांनी स्वराशी कोणतीही तडजोड केलेली नाही. आलापाचे जे शिस्तबद्ध वजन ख्यालात आहे तेच तिथेही आहे. मात्र आपल्या तिसऱ्या मित्राचे म्हणणेही मी स्वीकारणार नाही, कारण जयपूर घराण्याचे गायक मल्लिकार्जुन मन्सूर यांना देशभर कीर्ती मिळाली ती बरीच उशिरा, आणि ती मिळण्याआधीच्या काळातही त्यांचे गाणे तेच होते. मंजी खाँ आणि बुर्जी खाँ यांच्याकडून मिळालेले अनवट, म्हणजे क्वचित गायले जाणारे, राग ते असे गात की ऐकणाऱ्याला त्यांत अनवट काही आहे असे वाटतच नसे. त्यांनी नवे राग निर्माण करून कीर्ती मिळवली नाही. आपल्या दुसऱ्या मित्राला मी आवर्जून सांगेन की, जुन्या बंदिशीतून नवा राग ऐकवणे हे नव्या रागाला नाव देण्याहून सोपे मुळीच नाही.

या संदर्भात एका पुणेकराविषयी लिहिल्यावाचून राहवत नाही. भास्करबुवा बखले (१८६९–१९२२) यांनी फैज महंमद खाँ, नथ्थन खाँ आणि अल्लादिया खाँ अशा तीन गुरूंकडून ग्वाल्हेर, आग्रा आणि जयपूर या तीन घराण्यांची विद्या घेतली आणि १९११मध्ये पुण्यात भारत गायन समाजाची स्थापना केली. त्यांच्या गाण्याचे ध्वनिमुद्रण उपलब्ध नाही. एकही तान, एकही आलाप आज आपण ऐकू शकत नाही, मग तयारी मोजायची कशाने? तरीही त्यांच्या थोरवीविषयी कोणी शंका घेत नाही, कारण ती त्यांच्या शिष्यांत दिसते. बालगंधर्व, मास्टर कृष्णराव आणि गोविंदराव टेंबे या तिघांचेही संगीत एकमेकांसारखे नाही. बालगंधर्वांच्या पदातील लडिवाळ आर्जव मास्टर कृष्णरावांच्या चपळ उपजेत (आयत्या वेळी सुचलेल्या स्वररचनेत) नाही, आणि टेंब्यांची प्रतिभा तर हार्मोनियम आणि संगीतरचना यांत अधिक रमली. ‘स्वयंवर’ नाटकाच्या (१९१६) पदांना बुवांनी ज्या चाली दिल्या, त्यांतून रागदारीच्या वाटेला कधी न गेलेल्या प्रेक्षकाच्याही कानांवर रागांचे संस्कार झाले. गुरूची सही शिष्याच्या आवाजावर न उमटता त्याच्या विचारावर उमटते तेव्हा असे होते, आणि आपली नक्कल करणारे शिष्य तयार करणाऱ्या कितीतरी नामवंतांना हे साधलेले नाही.

ही कसोटी केवळ ख्यालापुरती आहे असे कोणी समजू नये. पुणे आकाशवाणीवरून १९५५–५६मध्ये ‘गीतरामायणा’ची ५६ गीते प्रसारित झाली, तेव्हा सुधीर फडके यांनी ती वेगवेगळ्या गायक-गायिकांकडून गाऊन घेतली होती. आवाज बदलले तरी चालींचे सामर्थ्य कमी झाले नाही, कारण प्रसंग, शब्दांचा अर्थ आणि रागाचा स्वभाव यांचा मेळ चालीतच घातलेला होता. मराठी भावगीताकडून श्रोत्यांची अपेक्षा त्यानंतर उंचावली ती कायमची. तबल्यात अहमदजान थिरकवा यांचे स्थानही मी असेच मानते. गंधर्व नाटक मंडळीत बालगंधर्वांच्या पदांना त्यांनी जी साथ केली तिच्यामुळे नाटकातल्या ठेक्याकडेही लोक कान देऊन ऐकू लागले. वाद्यवादनाविषयी स्वतंत्रपणे लिहावे लागेल, म्हणून इथे थांबते.

आजच्या कलाकारांविषयी आपण विचारले आहे. एका मैफलीवरून हे ठरवू नये, एवढे मी निश्चित सांगते. जलद तान संपली की टाळ्या येतातच आणि ध्वनिवर्धकामुळे साधा आवाजही भव्य वाटतो, त्यामुळे मांडवातली दाद हे मोजमाप फसवे आहे. त्याऐवजी यमन, भूप, मालकंस अशांपैकी एक नेहमीचा राग निवडावा आणि आपल्याला भावलेल्या गायकाची त्या रागाची काही वर्षांच्या अंतराने झालेली दोन-तीन ध्वनिमुद्रणे मिळवावीत. पहिल्या पंधरा मिनिटांकडे लक्ष द्यावे, कारण विलंबित ख्यालाच्या बढतीत लपायला जागा नसते. तोच क्रम, त्याच जागा आणि त्याच हरकती दरवेळी येत असतील तर ती उत्तम पाठांतराची खूण आहे. क्रम बदलूनही राग तितकाच ठाम उभा राहत असेल, पूर्वी घाईने ओलांडलेल्या एखाद्या स्वराशी आता गायक थांबू लागला असेल, तर त्याचा विचार चालू आहे असे समजावे. त्यानंतर त्याच रागाचे दुसऱ्या एखाद्या तरुण गायकाचे गाणे ऐकावे आणि त्यात पहिल्याच्या विचाराचा काही माग लागतो का, होकाराने किंवा नकाराने, ते पाहावे. असा माग लागायला एक पिढी जावी लागते, म्हणून आज पस्तीस-चाळीस वर्षांच्या कलाकाराविषयी मी स्वतः निकाल देत नाही. मला ज्यांच्याविषयी आशा वाटते असे दोघे-तिघे आहेत, आणि त्यांचा यमन मी दरवर्षी ऐकते.