पालिओ बघायला सिएनाला परत जाताय? मग हे वाचा

ताई, तुमची पोस्ट वाचली आणि आमचं २०२४ आठवून डोकंच फिरलं. तुम्ही लिहिलंय की मागच्या वेळी फ्लॉरेन्सहून जाऊन एका दिवसात इटलीतलं सिएना उरकलं, आता खास पालिओसाठी, म्हणजे तिथल्या घोड्यांच्या शर्यतीसाठी परत जायचंय, एजंट २ जुलैची चौकासमोरच्या बाल्कनीतली सीट देतोय आणि ३ ला सकाळी रोमहून फ्लाइट. डिट्टो आमचाच प्लॅन, फक्त आमची फ्लाइट ४ ला दुपारची होती.

शर्यत काय असते ते तुम्हाला माहीतच आहे, सिएनाचे मोहल्ले, म्हणजे कोंत्रादा, आपापला घोडा पळवतात, त्यात जास्त जात नाही. एजंट जे सांगत नाहीत ते सांगतो. पाऊस आला की पालिओ पुढे ढकलतात. काम्पो चौकात दगडी फरसबंदीवर माती अंथरून ट्रॅक करतात, तो ओला झाला की विनाखोगीर घोडे त्या उतारावर आणि वळणावर घसरणार. मग नगरपालिकेच्या खिडकीत हिरवा झेंडा लागतो, की आज काही नाही. त्या वर्षी २ ला झेंडा, ३ लाही शर्यत नाही, शेवटी ४ ला संध्याकाळी शर्यत झाली, ओंदा नावाची कोंत्रादा जिंकली. आम्ही तेव्हा विमानात!

आमचं बुकिंग ज्या ऑफिसचं होतं (नाव घेत नाही, उगाच भांडण नको) त्यांना २ च्या रात्रीच फोन लावला. उत्तर काय, तर "सर, व्हाउचरवर २ जुलै आहे, तुम्ही बाल्कनीत बसलात, म्हणजे सर्व्हिस दिली गेली." अहो, बसलो म्हणजे पाऊस बघितला! बाल्कनीवाले स्वतः म्हणत होते की जागा शर्यतीची आहे, होईल त्या दिवशी या. मग फ्लाइट पुढे करा म्हटलं, तर "ग्रुप तिकीट आहे, बदलता येत नाही". घरी आल्यावर एअरलाइनला विचारलं, थोडे पैसे भरून बदलता आलं असतं, ऑफिसने साधं विचारलंसुद्धा नव्हतं. रिफंडच्या मेलला अजून उत्तर नाही. असो.

म्हणून माझं मत, पटलं तर घ्या, सगळ्यांचे अनुभव सारखे नसतात: २ नंतर किमान दोन दिवस मोकळे ठेवा, आणि "शर्यत होईल त्या दिवशी सीट चालेल" हे लेखी घेतल्याशिवाय एक रुपयाही देऊ नका.

खरं तर बाल्कनी घेऊच नका. आम्ही नंतर परत गेलो तेव्हा चौकाच्या मधे फुकट उभे राहिलो. ऊन कडक, टॉयलेट नाही, एकदा रस्ते बंद झाले की शर्यत संपेपर्यंत बाहेर पडणं मुश्कील, त्यामुळे गुडघे दुखणाऱ्यांना आणि लहान मुलं असणाऱ्यांना हा सल्ला नाही. पण मजा तिथेच. तीन फेऱ्या दीड मिनिटाच्या आत संपतात, पण सुरुवातीलाच तासभर जाऊ शकतो. नऊ घोडे दोरांच्या मधे आणि दहावा मागून पळत येईल तेव्हाच शर्यत सुटते. तोपर्यंत जॉकी एकमेकांशी तिथल्या तिथे सौदे करतात, उघड उघड, कोणाला काही वाटत नाही. जॉकी पडला तरी घोडा एकटा पहिला आला तर जिंकला. जिंकलेल्या कोंत्रादाची मोठी माणसं तोंडात बाळाची चोखणी घालून नाचतात, नव्याने जन्मलो म्हणून, हे बघून आमची ही हसून हसून बेजार.

जमलं तर २९ जूनलाच पोचा. त्या दिवशी कोंत्रादांना चिठ्ठीने घोडे वाटतात, कुठला कोणाला गेला यावरून लोक रडतात नाहीतर नाचतात. मग रोजच्या सराव शर्यती बघा. शर्यतीच्या दुपारी घोड्याला चर्चमध्ये नेऊन आशीर्वाद देतात, "जा आणि जिंकून ये" म्हणून. तिथे घोड्याने लीद टाकली तर शुभ! फक्त अगदी गप्प उभं राहायचं आणि फ्लॅश मारायचा नाही. घोडा बिचकला तर तिथली माणसं ऐकून घेणार नाहीत, आणि बरोबरच आहे त्यांचं.

येताना खाऊ आणणार असाल आणि तुमच्याकडे कोणी अंडं खात नसेल तर रिचारेल्ली (तिथली बदामाची बिस्किटं) घेऊ नका, त्यात अंड्याचा पांढरा भाग असतो. पानफोर्ते (तिथला घट्ट गोड केक) घ्या, त्यात सुकामेवा, मध, मसाले असतात, शक्यतो पारंपरिकच, आणि घेताना एकदा विचारून घ्या. आणि जुलैचं नाही जमलं तर १६ ऑगस्टलाही पालिओ असतो, पण तेव्हाही पावसासाठी जादा दिवस हाताशी ठेवा.